गळक्या मुकुटाचा सण

खाडीवरच्या कौलवाडीत भातकापणी उरकली, की आश्विनातल्या एका रविवारी चर्चच्या आढ्याला भाताच्या लोंब्यांचा मोठा मुकुट चढतो. त्या दिवशी पितळी वाजंत्री वाजते, पावाबरोबर आंबवलेली कोबी वाढतात, आणि मुकुट वर जाताना त्यातलं भात लोकांच्या डोक्यावर गळत राहतं. पाहुणे म्हणतात, अहो, नीट बांधा की! त्यावर चर्चमधले अमोलिकआबा हसतात आणि सांगायला बसतात.

असे सांगतात, की फार पूर्वी कौलांचा कारखाना काढायला एक जर्मन साहेब इथे आला. त्याची बायको लुईजा मडमीण. तिच्या मुलखात सुगी संपली की गव्हाचा मुकुट विणून देवाचे आभार मानायची रीत होती. ती रीत तिने इथे आणली, आणि हाताखाली घेतलं ते येसाबायला. येसाबाय भट्टीवरच्या मुकादमाची बायको, तोंडाने तिखट, कामाला वाघीण. मडमीण परत जाईल तेव्हा मुकुटाचा मान आपल्याकडेच येणार, हे तिने मनात पक्कं धरलं होतं.

तेवढ्यात वाडीत सालोमी नावाची सून आली. तिच्या बोटांत जादू होती म्हणे. मडमीण जायला निघाली आणि तिने मान दिला तो सालोमीला. येसाबायच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सालोमीचं हसणं, चालणं, वेणीतलं फूल, काही म्हणता काही तिला बघवेना. नवरा समजवायला गेला तर त्याच्याही पानात तिने आमटी जरा आपटूनच वाढली.

सालोमीने मडमिणीने सांगितल्याबरहुकूम लोंब्या खडखडीत वाळवून मुकुट विणला. गव्हाला ते चालतं. पण वाळलेलं भात हात लागताच गळतं. ते ओलसर असतानाच बांधावं लागतं. येसाबायला हे पक्कं ठाऊक होतं; मडमिणीच्या वेळी लोंब्या ओलसर ठेवायची ती तीच. ती दारात उभी राहून बघत होती. एक शब्द बोलली असती तर काम झालं असतं, पण ती बोलली नाही. उद्या भर सभेत हिची फजिती होऊ दे, एवढंच तिला हवं होतं.

रविवारी मुकुट वर ओढला आणि भाताचा पाऊस पडला. येसाबाय हसायच्या तयारीतच होती. पण लोकांनी हात जोडले, बायकांनी पदर पसरले. "वरसून आशीर्वाद इलो!" म्हणत जो तो सालोमीचं कौतुक करू लागला. झालं! करायला गेली काय आणि झालं काय. येसाबायला ते सोसवेना. ती भर चर्चमध्ये ओरडली, "आशीर्वाद खंयचो? सुकां भात गळतलां ह्यां माका ठावक होतां! मी मुद्दाम गप रवलंय! हिका मान मिळालो तो माका बघवलो नाय!"

वाजंत्री थांबली. येसाबायला लाजेने धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तेव्हा सालोमी पुढे आली.

"पदर पसर गे वयनी," ती म्हणाली. "अर्धां तुझांच." आणि आपल्या पदरातलं भात तिने येसाबायच्या पदरात ओतलं.

तेव्हापासून मुकुट मुद्दाम सुका बांधतात. ज्याला कुणाचा हेवा वाटतो त्याने मुकुटाखाली उभं राहून ते नाव मोठ्याने घ्यायचं, आणि ज्याचं नाव घेतलं त्याने त्याला ओंजळभर भात द्यायचं. सण आहे तो यासाठीच. येसाबायचा हेवा गेला का? छे! दरवर्षी पहिली उभी राहायची ती तीच, आणि नावही तेच. सालोमीही दरवर्षी ओतायची, हसत हसत.

एका पावसाळ्यात सालोमी तापाने गेली. त्या आश्विनात म्हातारी येसाबाय नेहमीसारखी उठली, सालोमीचं नाव घेतलं, पदर पसरला आणि तशीच उभी राहिली. किती तरी वेळ कुणाला तिला बस म्हणवेना.

आजही पहिलं नाव सालोमीचंच पुकारतात. त्या नावाला कुणी पुढे येत नाही. तेवढा वेळ सगळी वाडी पदर पसरून गप्प उभी असते.