आमदाराचे गुण, आमटीचं मीठ

"मग यातला खरा कागद कोणता, आई?"

निशिकांतने तीन कागद मठाच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एकाशेजारी एक मांडले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर लसणाचा एकेक गड्डा ठेवला.

मठ सांभाळणाऱ्या गिरजाआईंना सगळं गाव आईच म्हणे. त्यांनी कागदांकडे पाहिलं, मग चुलीकडे. आज मठात भंडारा होता. मोठ्या पातेल्यात दोनशे माणसांची आमटी रटरटत होती.

"तूच वाच. माझा चष्मा देव्हाऱ्यापाशी राहिला."

आमदार विधानसभेत कशावर बोलले, कुठे गप्प बसले, कधी गैरहजर राहिले, याची नोंद तीन संघटनांनी आपापल्या परीने ठेवली होती आणि दहापैकी गुण दिले होते. वाळू वाहतूकदारांच्या संघटनेने दोन. शिक्षकांच्या संघटनेने सात. मच्छीमारांच्या संस्थेने नऊ.

निशिकांतने बेरीज करून तिनाने भागलं होतं. सहा आले होते. गणित त्याचं पहिल्यापासून पक्कं.

तो गावच्या मतदार मंडळाचा चिटणीस. निवडणूक आठवड्यावर आली होती आणि पंगत बसली की तो चार शब्द बोलणार, हे ठरलेलं होतं. गेल्या निवडणुकीला त्याने एकट्या शिक्षकांचा कागद वाचून दाखवला होता. लोकांनी त्याच्या शब्दावर याच आमदारांना मतं टाकली आणि वर्षाच्या आत गावचा दवाखाना तालुक्याला हलला. भोई आळीतल्या बायका अजून त्याला रस्त्यात थांबवून विचारतात, "चिटणीस, तुमच्या कागदात आमचा दवाखाना नव्हता का हो?"

"म्हणून या खेपेला तिन्ही कागद घेतले," तो म्हणाला. "सहा गुण. माणूस बरा आहे, असं सांगतो. चुकतंय का काही?"

गिरजाआईंनी आमटी ढवळली.

"तुझ्या वाचनालयाचं कुठवर आलं?"

"स्लॅब झाला की. आमदारनिधीतून पैसे मिळाले ना."

"हं."

नैवेद्याची वाटी काढून झाली होती. त्यानंतर आमटी चाखायला तिघांना बोलवायचं, ही मठाची रीत. वर्षानुवर्षं तेच तिघे. निशिकांतला वाटायचं, मान असेल त्यांचा.

कोंडिबा आला. तंबाखूने त्याची जीभ मेलेली. तळहातावर घेऊन चाटली आणि म्हणाला, "अळणी."

येसूबाई आल्या. रक्तदाबापायी त्या बारा वर्षं जवळजवळ बिनमिठाचं जेवत होत्या. म्हणाल्या, "बरी आहे की."

सोपानकाका आले. "छान झालीय," म्हणाले आणि आणखी थोडी मागून घेतली.

निशिकांतने बोटांवर मोजलं. दोघांना बरी लागली, एकाला अळणी. म्हणजे मीठ बेताचं असणार.

गिरजाआईंनी बरणीत हात घातला आणि दोन मुठी मीठ पातेल्यात टाकलं.

तो पुढे सरसावला.

"आई, दोघांना बरी लागली होती."

"येसूला बरी लागली," गिरजाआई म्हणाल्या. "बारा वर्षांत तिने या पातेल्याला खारट सोडून दुसरं काही म्हटलं नाही."

निशिकांतने बोटं पुन्हा मोजली.

"पण अळणी तर कोंडिबाही म्हणाला. त्याचं नाही ऐकलंत?"

"तो रोजच म्हणतो. रोज ऐकलं तर आमटीचा समुद्र होईल."

"मग बोलावता कशाला त्याला?"

"एखाद्या दिवशी तो खारट म्हणेल ना, त्यासाठी. त्या दिवशी घागरभर पाणी ओतायचं."

"आणि सोपानकाका?"

"त्याला नाही बोलावलं तर रुसतो."

निशिकांत हसला. मग हसता हसता थांबला.

मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष आमदारांचे सख्खे मेहुणे. मागच्या दोन्ही निवडणुकांना त्यांनी दहापैकी दहा दिले होते. नऊ आकडा त्याला इतका चांगला वाटला, की एक गेला कुठे, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

लसणाचा गड्डा बाजूला करून त्याने कागद उलटला. मागे बारीक अक्षरात होतं. कारखान्याच्या पाण्याने नदीत मासे मेले, तो प्रश्न सभागृहात आला त्या दिवशी आमदार गैरहजर.

त्याने वाळूवाल्यांचा कागदही उलटला. ते तर आमदारांना पाण्यात पाहतात. आजवर शून्याच्या वर गेले नव्हते. मग हे दोन तरी का? तिथे एकच ओळ होती. नदीतल्या उपशाची परवानगी मागायला गेलो, तोंडावर नाही म्हणाले, खेटे घालायला लावले नाहीत.

त्याने त्या दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या.

"म्हणजे माझे सहा खोटेच," तो हळूच म्हणाला.

"खोटे कशाला? पण ते कोणाच्याच तोंडचे नाहीत."

बाहेर पत्रावळी मांडल्या गेल्या. भोई आळीतल्या बायका बसल्या होत्या. एकीने दारातून वाकून पाहिलं. "काय चिटणीस, आज कुठला कागद?"

निशिकांतने कागद गोळा केले.

"आई, मी काय सांगू यांना? माणूस बरा की वाईट?"

गिरजाआईंनी पळीभर आमटी त्याच्या पुढे धरली. त्याने तळहातावर घेतली, चाखली, पुन्हा चाखली.

"आता मीठ बेताचं आहे," तो म्हणाला.

खिडकीतून आमदारनिधीतल्या वाचनालयाचा नवा स्लॅब दिसत होता. गिरजाआईंनी तिकडे पाहिलं.

"असेल. पण पंगतीला आधी हे सांग, तू घरी मीठ किती खातोस."