लवंगीचं रोप आणि गप्प कोंबडी

“हाय हाय! पाणी आणा, पाणी!”

झाडं बोलायची त्या काळी, लवंगी मिरचीच्या पोटात निजलेल्या एका बीनं हा आवाज ऐकला. आईचा शेंडा कुणीतरी चावला होता. आपणही मोठेपणी कुणालातरी असंच नाचवायचं, हे बीनं तेव्हाच ठरवून टाकलं.

पुढे गोदूबाईंनी ते बी राखेत घोळून आपल्या अंगणातल्या फुटक्या माठात पेरलं. रोप आलं, फुललं, पण त्याला मिरची धरली एकच. ती लाल होईपर्यंत रोपानं अंगणात कुणाला सुखानं बसू दिलं नाही. “लांब व्हा रे, भाजाल!”

शेजारचं वांगं वैतागलं. “मिरची एवढीशी, आणि तोरा केवढा! आज कुणाला रडवलं नाहीस, तर उद्यापासून अख्खं अंगण तुला ढोबळी म्हणेल.”

ढोबळी! रोपाला मुळापर्यंत कापरं भरलं.

तेवढ्यात कोंबडी आली. तिनं ती मिरची खुडली आणि गट्ट केली. रोप आनंदानं थरथरलं.

“मावशी, जीभ भाजली ना?”

कोंबडी माती उकरू लागली.

“कानांतून धूर निघतोय का ग? लाजू नकोस, ओरड!”

कोंबडीनं चोच मातीला पुसली.

“निदान नाक तरी ओढ ग मावशी,” रोप रडकुंडीला आलं, “वांगं बघतंय!”

कोंबडीनं एकदा रोपाकडे पाहिलं, एकदा वांग्याकडे पाहिलं, आणि ती शेपूट हलवत निघून गेली. पाखरांना तिखट लागतच नाही, हे त्या रोपाला कोण सांगणार!