वेणूसाठी सवंगडी

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगरांवर रस्ते नव्हते, नुसत्या पायवाटा होत्या. अशाच एका डोंगराच्या माथ्यावर झाडपाल्याची औषधं देणारी एक बाई राहायची. तिला एकच लेक होती. तिचं नाव वेणू.

खालच्या गावात शाळा नव्हती, म्हणून आई वेणूला घरीच शिकवायची. अक्षरं, हिशेब, झाडांची नावं, ताऱ्यांच्या जागा. वेणू सगळं झरझर शिकली. आईला लेकीचं भारी कौतुक होतं.

एके दुपारी आई अंगणात आली, तर वेणू एकटीच सागरगोटे खेळत होती. “आता तुझी पाळी हं,” असं समोरच्या रिकाम्या जागेला सांगून ती स्वतःच उठून तिकडे जाऊन बसली.

आईच्या मनात आलं, विद्या आपण घरात देऊ, पण मैत्रीण कुठून देणार?

खालच्या गावात मुलांची दोन पथकं होती. एक सरदाराचं. त्यातल्या मुलांना तांबडे फेटे, पुढे ढोल, वर निशाण. दुसरं नदीकाठच्या एका मावशीचं. तिची मुलं रानात हिंडत, दोराच्या गाठी शिकत, तीन दगडांची चूल मांडून भात शिजवत आणि चिखलानं माखून घरी परतत.

‘माझी लेक हुशार. ती सरदाराच्याच पथकात शोभेल,’ असं आईनं ठरवून टाकलं. वेणूला काही विचारलं नाही.

सरदारानं परीक्षा घेतली. वेणूनं दिसेल त्या झाडाचं नाव सांगितलं. “शाबास! हिला पुढच्या रांगेत घ्या,” तो म्हणाला. आई हरखून घरी गेली.

थोड्याच दिवसांत टेकडीवरचं निशाण गाठायची शर्यत लागली. धावता धावता वेणूचा पाय मुरगळला आणि ती पडली. मागची मुलं तिला ओलांडून पुढे गेली.

“थांबू नका रे! आधी निशाण!” सरदार वरून ओरडला.

वेणू वाटेतच रडत बसली. इतक्यात मावशी आणि तिची मुलं मोळ्या घेऊन तिथून चालली होती.

“अगं बाई, काय झालं गं?” मावशीनं विचारलं आणि पाय पाहिला. “बसा रे सगळे. हिचं दुखणं जरा निवू दे. आपल्याला कसली घाई आहे?”

मुलांनी मोळ्या टाकल्या. एका चिमुरडीनं आपली ओढणी वेणूच्या पायाला बांधली. गाठ पुन्हा पुन्हा सुटली, तशी सगळी हसली. रडता रडता वेणूही हसली. मग दोन काठ्यांना दोर बांधून मुलांनी झोळी केली आणि बेसूर गाणी म्हणत तिला घरी पोचवलं.

आईनं पायाला लेप लावला आणि पहिल्यांदाच विचारलं, “वेणू, तुला कुठल्या पथकात जायचंय?”

“मावशीच्या.”

“अगं, तिथल्या मुलांना तर तुझ्याइतकी झाडंही ओळखता येत नाहीत. तू काय शिकणार?”

“ते मला नाही ठाऊक. पण आई, ती सगळी माझ्यासाठी थांबली.”

आईनं तिला जवळ ओढलं. पाय बरा होताच तिनं वेणूला मावशीकडे पाठवलं.

त्यानंतर सकाळी घरी धडे आणि दुपारी नदीकाठ, असा क्रम लागला. वेणू गुडघे फोडून घ्यायची, भांडायची, कट्टी करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पळत जायची. रिकामं अंगण आईला सुरुवातीला खायला उठायचं. मग एक दिवस मावशीच डोंगर चढून आली.

“आमच्या पोरांना झाडं शिकवशील का गं?” तिनं विचारलं.

आई शिकवायला गेली, आणि जातच राहिली. डोंगरावर इतकी वर्षं एकटीनं काढलेल्या त्या बाईलाही सुखदुःखाचं बोलायला एक माणूस मिळालं.

तात्पर्य: मुलांसाठी संगत निवडताना तिचा थाट पाहू नये, पडलेल्यासाठी कोण थांबतं, ते पाहावं.