दोन काठांचा झेंडा

फार जुन्या काळी नदीच्या दोन्ही काठांवरच्या प्राण्यांनी मिळून एक राज्य करायचं ठरवलं. शिंपीण पाखरानं झेंड्यावर जीव ओतून रेशमी मोर भरला. झेंडा नदीच्या मधोमध उभारला, तेव्हा ऐलकाठ खूश झाला. पैलकाठाला मात्र मागच्या गाठी आणि लोंबते दोरेच दिसले.

“शिंपीणबाई, उलटी बाजू आमच्या वाट्याला?” पैलकाठचा रानरेडा म्हणाला. “मग तुमचं राज्य तुम्हालाच लखलाभ.”

शिंपीण रागानंच उडत पैलकाठी गेली. तिथून तिनं झेंडा पाहिला, आणि परत येऊन मोर उसवला. कापडात गोल भोक कापून तिनं त्यात पिवळा सूर्य बसवला, दोन्हीकडून सारखा.

झेंडा चढला. “सुलट बाजू आमच्याकडे आहे,” रेडा ऐटीत म्हणाला. ऐलकाठचा कोल्हाही तेच म्हणाला. शिंपिणीनं दोघांकडे पाहून मान डोलावली.