गुहेतली जेवणाची रीत

मुलांनो, युरोपच्या उत्तरेला हिवाळा लवकर येतो आणि जाता जात नाही. तिथल्या एका जंगलात फार फार पूर्वी एक धिप्पाड अस्वल राहत असे. त्या काळी तिथल्या प्राण्यांना जेवणाची रीत म्हणून काही ठाऊकच नव्हती. ज्याचा पंजा मोठा, तो आधी खाई. कोणी दुसऱ्याच्या तोंडातला मासा ओढून घेई, कोणी चघळलेले हाड शेजाऱ्याच्या अंगावर थुंके, तर कोणी खाता खाता अंगावरचा चिखल झटकून सगळ्यांना न्हाऊ घाली. याची कोणाला लाज वाटत नसे. लाज वाटायला हवी, हेच अजून कोणाला सुचले नव्हते.

एका वर्षी इतके बर्फ पडले की सगळ्यांची बिळे आणि ढोल्या बुजून गेल्या. मग सगळे प्राणी एकाच मोठ्या गुहेत राहायला आले. अस्वलाची हिवाळ्याची झोपही भुकेने उडाली होती. एकदा नदीचे बर्फ फोडून थोडे मासे आणले गेले. अस्वलाने नेहमीप्रमाणे त्यांवर झडप घातली आणि त्याच्या नखाने शेजारच्या कोल्ह्याच्या पिलाचा कान फाटला. पिलू कळवळले. अस्वल मात्र खात राहिले, कारण काही वावगे घडले असे त्याला वाटलेच नाही. कोल्हीणही ओरडली नाही. पिलाला उचलून ती गुहेच्या तोंडाशी, बोचऱ्या वाऱ्यात जाऊन बसली.

"कोल्हीणबाई, आत या की. पिलू गारठेल," अस्वल म्हणाले.

"गारठेल खरं, दादा. पण थंडीपासून मी त्याला पोटाशी धरून वाचवीन. तुमच्या पंजापासून कशी वाचवू?"

अस्वल मनाने वाईट नव्हते. ते बराच वेळ आपल्या पंजाकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी मासे आले, तेव्हा दोन्ही पंजे छातीखाली दुमडून ते गप्प बसले. तोंडाला पाणी सुटत होते आणि पोटात गुरगुर चालली होती. पंजे आपसूक बाहेर येत आणि अस्वल त्यांना पुन्हा आत ओढून घेई. "आधी तुम्ही घ्या," ते दात आवळून म्हणाले.

रानडुक्कर हसून हसून लोळायला लागले. "अरे, एवढं मोठं धूड तू! घाबरलास तरी कोणाला?"

"माझ्याच पंजाला," अस्वल म्हणाले.

ते ऐकून कोल्हीण पिलाला घेऊन आत आली. गुहेच्या छताजवळच्या फटीत एक खार भीतीने दडून बसली होती, तीही खाली उतरली. येताना तिने लपवलेले अक्रोड सगळ्यांपुढे ओतले. त्या हिवाळ्यात कोणीही उपाशी मेले नाही. आणि रानडुक्कर? कोणी बघत नाही असे पाहून तेही चिखल झटकायला हळूच बाहेर जाऊ लागले.

पुढे ते अस्वल गेले, त्याची पिले मोठी झाली, त्यांनाही पिले झाली. आया जेवताना लेकरांना सांगत, "पंजा आत!" पिले विसरत आणि आया पुन्हा सांगत. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, तशा एकीमागून एक नव्या रीती जोडल्या गेल्या. शिंक आली तर तोंड फिरवायचे, खाऊन झाले की तोंड शेवाळाला पुसायचे, दुसऱ्याच्या वाट्याकडे टक लावून बघायचे नाही. शेवटी असा काळ आला की एकदा लहानपणी शिकवले, की पुन्हा कोणाला काही सांगावेच लागेना. चुकून एखाद्याचा पंजा पुढे गेलाच, तर त्याचे त्यालाच ओशाळे वाटे. एके काळी या रीती नव्हत्या, हे आता कोणाला खरेही वाटले नसते.

अशाच एका हिवाळ्यात दूरच्या डोंगरातून एक लांडगा वाट चुकून गुहेत आला. तो किती दिवसांचा उपाशी होता कोण जाणे. समोर अन्न दिसताच त्याने त्यात तोंड घातले आणि मचमच आवाज करत, लाळ गाळत खाऊ लागला. तिथे एक तरुण, देखणे अस्वल बसले होते. ते नाक वर करून म्हणाले, "पाहुणे, तुमच्याकडे असंच खातात वाटतं?" सगळी गुहा खुसखुसली. लांडग्याने तोंड उचलले. शेपूट पायांत घालून तो वादळात परत जायला निघाला.

"बाळा, काय केलंस हे?" गुहेतल्या सर्वांत म्हाताऱ्या खारीने विचारले.

"आजी, मी काय केलं? माझा पंजा तर आत होता," तरुण अस्वल म्हणाले.

"पंजा आत होता रे. पण जीभ बाहेर होती ना! तिची नखं काय कमी लागतात?"

अस्वलाचा चेहरा उतरला. ते धावत गेले आणि लांडग्याच्या वाटेत उभे राहिले. "माझं चुकलं. आत चला, जेवण पुरं करा."

"मला तुमच्यासारखं खाता येत नाही," लांडगा खाली बघत म्हणाला.

"मला तरी कुठे येत होतं? आईनं लहानपणी किती टपल्या मारल्या, तेव्हा आलं!"

लांडग्याला हसू आले. तो आत आला आणि पुन्हा खाऊ लागला. पुन्हा तसाच मचमच आवाज आणि तशीच लाळ. तरुण अस्वल अगदी त्याच्या शेजारी बसले होते. आवाज होताच त्याचे कान उडत, नाक मुरडू पाहे, पण ते हूं की चूं करत नव्हते. उलट आपल्या पुढ्यातला एक मासा त्याने हलकेच लांडग्याकडे सरकवला. म्हातारी खार वरून हे सगळे पाहत होती. अस्वलाच्या कपाळावर मायेने हात फिरवावा म्हणून ती तुरुतुरु खाली आली.

तात्पर्य : दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून स्वतःला आवरणे म्हणजेच सभ्यता. ती शिकायला पिढ्या लागतात, म्हणून जो अजून शिकला नाही त्याला हसू नये, जवळ बसवून घ्यावे.