कोरड्या दिवसांचा मुराळी

एकदा एका नदीकाठच्या गावी एक वृद्ध आचार्य राहत. त्यांचा मठ टेकडीवर होता आणि गाव खाली, पाण्याच्या शेजारी. अलीकडे उन्हाळे असह्य होऊ लागले होते आणि पावसाची रीतच बदलली होती. आठवडेच्या आठवडे कोरडे जात, मग महिन्याचा पाऊस एका दुपारी कोसळे. वरच्या अंगाच्या एका गावात असाच लोंढा शिरला. तरणी माणसे पळाली. वाहून गेली ती बहुतेक म्हातारी.

आचार्य आपल्या तरुण शिष्याला म्हणाले, "अगदी काठावर साळूआजी एकटी राहते. पावसाळ्याआधी तिच्याशी बोलून ये."

शिष्याने जाऊन बजावले, "आजी, यंदा पूर मोठा येईल. घर सोडावं लागेल."

शेळीला पाला घालता घालता आजी हसली. "अरे, नदी उंबऱ्याशी आली की मी तिची ओटी भरते. खण-नारळ घेतला की माहेरवाशिणीसारखी गुमान माघारी फिरते. माझी सासू हेच करायची. काल मिसरूड फुटलेलं पोर तू, मला नदी शिकवतोस?"

शिष्य चिडून परतला. "हट्टी आहे म्हातारी! ओटी भरत बसेल आणि वाहून जाईल."

दुसऱ्या दिवशी, आभाळ निरभ्र असताना, धुतलेले उपरणे खांद्यावर टाकून आचार्य शिष्यासह आजीच्या दारी गेले.

"साळूताई, तयारी कर. माहेरी न्यायला आलोय."

"माझं कसलं आलंय माहेर, महाराज? भाऊ गेला, न्यायला येणारा मुराळी संपला."

"म्हणून तर मी आलो."

आजी आत गेली. मग ठेवणीतले लुगडे नेसून आली. "आणि शेळी?"

"ती काय परकी आहे?"

शिष्य ती चढण एका दमात चढत असे. आजी मात्र दर झाडाखाली बसे, गुडघे चोळी. मठात पोहोचेपर्यंत ऊन माथ्यावर आले. शिष्याने केलेले पिठले चाखून ती म्हणाली, "मीठ विसरलास की रे!" आणि दोनदा मागून घेतले. सायंकाळी आचार्यांनी तिला परत पाठवले.

"एवढ्या कष्टानं आणली, आणि परत पाठवलीत?" शिष्याने विचारले.

"पुढच्या बाजारी तू जा न्यायला," एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी शिष्य मुराळी होऊन जाई. थेंबभर पाऊस नसताना हा खटाटोप कशासाठी, हे त्याला उमगत नव्हते.

श्रावणात एके सकाळी वरच्या अंगाला आभाळ काळेठिक्कर झाले. शिष्य धावत खाली गेला. नदी अजून दूर होती, पण आजी ओटीचे ताट घेऊन दारात उभी होती.

"आज नको रे. आज ती येणार माझ्याकडे."

शिष्याला ओरडावेसे वाटले. तो पायरीवर बसला. "आजी, मुराळ्याला रिकामं परत पाठवतात का?"

आजीने नदीकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले. ताट उंबऱ्यावर ठेवले. "घे गं बाई तुझं तू," असे पुटपुटत तिने शेळीची दोरी हाती घेतली.

शेवटच्या झाडाखाली ती टेकली असताना खाली नदी उंबऱ्याशी आली. थांबली नाही. बघता बघता कौले बुडाली. आजी डोळ्यांना पदर लावून बसून राहिली.

त्या रात्री मठात आजीचा भिंतीला टेकूनच डोळा लागल्यावर आचार्य शिष्याला म्हणाले, "तू 'घर सोड' म्हणालास. या वयात त्या शब्दांनी पाय उचलत नाही. 'माहेरी चल' म्हटलं की उचलतो. तू नदीचा वेग पाहत होतास, मी ताईच्या गुडघ्यांचा. ती वाट कोरड्या दिवसांतच पायाखालची व्हायला हवी होती. तिची सासू खोटं बोलली नाही. तेव्हाची नदी थांबायची. आता हवाच तापली आहे; तापलेली हवा जास्त पाणी धरते आणि एकदम सांडते. ताईच्या आठवणीतल्या पुरावरून आता अंदाज बांधता येत नाही. माझ्या आठवणीतल्याही नाही."

शिष्य हळूच म्हणाला, "आजी आता परत कधी जाणार?"

"माहेरवाशिणीला हे विचारायचं नसतं."

शिष्य ओशाळला. उठून त्याने आपले अंथरूण गळत्या कोपऱ्यात नेले आणि आपली कोरडी जागा आजीसाठी झाडून ठेवली.