सेट तापेपर्यंत

"आवाज येतो ना? मग बिघाड कसला?"

रसूल मास्तरांनी मान वर न करताच विचारलं. बार्शीतल्या त्यांच्या दुकानात, टेबलावर, श्रीकांतने घरून उचलून आणलेला जुना काचेच्या व्हॉल्वचा रेडिओ ठेवला होता.

"आवाज येतो, मास्तर. पण आईला पटत नाही."

"काय पटत न्हाई?"

"म्हणते, हे त्यांचं बोलणं नव्हे."

मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "पयल्यापासून सांग."

श्रीकांतने सांगितलं, आणि सांगताना थोडी ऐट आलीच. बाप जाऊन तीन महिने झाले म्हणून ऐट काही जात नसते. कॉलेजात असताना दोन उन्हाळे त्याने याच दुकानात सोल्डरिंगचा धूर खाल्ला होता. पुढे पुण्याला इंजिनिअर झाला. आता वडिलांच्या या सेटात त्याने काडेपेटीएवढं ब्लूटूथचं कार्ड बसवलं होतं. लाकडाला एक भोक पाडलं नव्हतं. पाठीमागे रेकॉर्डप्लेअर जोडायची जागा असते, तिथूनच आवाज आत सोडला होता. कार्डाला वीज वेगळी दिली होती, त्यामुळे गुणगुणही नाही.

"काम चांगलं केलंस," मास्तर म्हणाले. "कशापायी केलंस?"

ऐट तिथेच संपली.

दत्तोबा, म्हणजे श्रीकांतचे आण्णा, गेल्यापासून आई या बंद रेडिओसमोर बसून असायची. ताट पुढे आलं की दोन घास खायची आणि ताट सारायची. अंगाने ती लहान पोरीएवढी झाली होती. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि हात टेकले. तेव्हा श्रीकांतला फोनमधले निरोप आठवले. ऑफिसात तो वडिलांचे फोन उचलायचा नाही. म्हणून दत्तोबांनी शेजाऱ्याकडून आवाजाचे निरोप पाठवायला शिकून घेतलं होतं.

"किती?"

"दोनशे अकरा."

"ऐकले होतेस?"

"...गेल्यावर ऐकले."

मास्तरांनी सेटची पाठ आपल्याकडे फिरवली.

"ते फोनवरून या रेडिओत सोडले, मास्तर. पहिल्या दिवशी आईने अख्खी भाकरी खाल्ली. आठ दिवस नीट जेवली. मग एकाएकी सोडलं. आता पाणीसुद्धा मागून घेत नाही. मला वाटतं स्पीकरचा कागद जुना झालाय, आवाज बदलतोय. तो बदलू या का?"

 मास्तरांनी बटण फिरवलं.

डायलमागचा दिवा लागला. व्हॉल्व तापून आवाज यायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं, आणि सेट तापेपर्यंत दुकानात कोणी बोलायचं नाही, हा मास्तरांचा जुना नेम. निम्मे बिघाड तापतानाच ऐकू येतात, असं ते म्हणत. उमेदवारीच्या दिवसांत श्रीकांतला या नेमाचं हसू यायचं. आज ते अर्धं मिनिट त्याला सोसवेना.

सूक्ष्म खरखर आली.

"लाव."

श्रीकांतने फोनवर बोट टेकवलं. रेडिओतून दत्तोबांचा घोगरा, जाड आवाज आला. "श्रीकांता, आहेस का? बरं. कामात असशील. लिंबाला यंदा फळ धरलंय. श्रीकांता, आहेस का? बरं. कामात असशील. तुझ्या आईचा गुडघा..."

मास्तरांनी हात वर केला. श्रीकांतने थांबवलं.

"दत्तोबा एवढा घाईत कधीपासनं बोलायला लागला?"

मास्तरांनी समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे हात केला.

"माझ्यासमोर त्या स्टुलावर बसून निम्मं आयुष्य गेलं त्याचं. 'रसूल, आहेस का' म्हणायचा, आणि मी 'हाय' म्हणंपर्यंत पुढचा शब्द काढायचा न्हाई. काय केलंस तू?"

"मधलं... कापलं."

"काय मधलं?"

"आण्णांना वाटायचं, हा फोनच आहे. 'आहेस का' विचारून ते थांबायचे. प्रत्येक निरोपात. आठ-आठ, दहा-दहा सेकंद. उत्तराची वाट बघत." श्रीकांतने फोन टेबलावर पालथा ठेवला. "ते थांबले की आई माझ्याकडं बघायची. रोज. एक दिवस म्हणाली, 'ते विचारायलेत. बोल की.' तिला भ्रम झालेला नाही, मास्तर. तिला सगळं कळतं. म्हणाली, 'तवा बोलला न्हाईस. आता तरी बोल.'"

"मग?"

"मला ते बघवेना. कॉम्प्युटरवर बसलो आणि सगळे थांबे काढून टाकले."

"आणि स्पीकर बदलायला माझ्याकडं आलास."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे त्याचं त्यालाही कळत होतं. कळूनच तो पाच किलो वजन उचलून इथवर आला होता.

"मूळचे हायत का?"

"फोन भरला होता. पुसले." तो जरा चिडून म्हणाला, "त्यात काही नव्हतंच, मास्तर. नुसती शांतता होती."

मास्तरांनी खणातून दोन व्हॉल्व काढून त्याच्यापुढे ठेवले. एकाच्या काचेला आतून आरशासारखी चकाकी होती. दुसरा दुधासारखा पांढरा पडला होता.

"ह्याला काय झालं?"

पहिल्याच उन्हाळ्यात शिकलेला धडा. "चीर गेलीय. आत हवा शिरली. मेला."

"आणि ह्या चांगल्यात काय भरलंय?"

"काही नाही. नुसती पोकळी. तिच्यावरच तर चालतो तो."

"काहीच न्हाई?"

"...नाही."

मास्तरांनी दोन्ही व्हॉल्व परत खणात ठेवले आणि खण लावला. श्रीकांत त्या खणाकडे बघत राहिला. आपण काय पुसलं ते त्याला आता कळलं होतं, आणि कळून काडीचा उपयोग नव्हता.

"सगळे पुसले?"

"एक राहिलाय. आण्णा गेले त्या दिवशी सकाळी आलेला. तो मी उघडलाच नाही."

"लाव."

"नको, मास्तर."

"सेट तापलेला हाय. लाव."

श्रीकांतने फोन उचलून तो निरोप उघडला.

"श्रीकांता, आहेस का?"

आणि आण्णा थांबले.

त्या थांब्यात पंखा कुरकुरत होता. आण्णांचा श्वास होता, थोडा धापेचा. लांब स्वयंपाकघरात आई भांडं ठेवत होती, तिच्या बांगड्या वाजल्या आणि ती काहीतरी गुणगुणली. गेल्या तीन महिन्यांत तिच्या तोंडून श्रीकांतने सूर ऐकला नव्हता. असे दोनशे दहा थांबे त्याने आपल्या हाताने कापले होते. 

"आहे," तो म्हणाला. आवाज फुटला. "आहे, आण्णा. इथंच आहे मी."

पंखा कुरकुरत राहिला.

"बरं," रेडिओतून आवाज आला. "कामात असशील."

निरोप संपला. खरखर उरली.

श्रीकांतने टेबलावर डोकं टेकलं आणि तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. मास्तर त्याच्या पाठीवर हात न ठेवता बसून राहिले. बाहेरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"ऐकलं नाही त्यांनी, मास्तर," तो बऱ्याच वेळाने म्हणाला. "बोललो तरी नाही ऐकलं."

मास्तरांचा हात बटणाकडे गेला. आता ते सेट बंद करतील, असं श्रीकांतला वाटलं. तो उठायला लागला.

मास्तरांनी आवाज थोडा वाढवला.

"पुन्यांदा लाव."